सरकार पक्षातर्फे

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि तासन्‌तास हलले नाहीत. शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता, तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला होता आणि जमावाला फाशी हवी होती, तीही त्याच दिवशी. सरकारने त्यावर जी काही उत्तरे दिली, त्यांत एक उत्तर म्हणजे एका वकिलाचे नाव होते. खटला उज्ज्वल निकम चालवतील, असे जाहीर झाले. तपास पुरा झाला नव्हता, दोषारोपपत्र तयार नव्हते, साक्षीदार कोण हेही ठरले नव्हते. वकील मात्र ठरला होता.

बदलापूर तालुक्याच्या हिशेबाने अंबरनाथचे, पण मुरबाड विधानसभा मतदारसंघातले. त्यामुळे हा संताप मुरबाडकरांना परका नव्हता. आता निकमसाहेब आले म्हणजे आरोपी सुटत नाही, असे लोक बोलत होते. पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने आरोपी मेला. त्याच वर्षी डिसेंबरात कल्याणमध्ये एका अल्पवयीन मुलीचा खून झाला. पुन्हा निकमांचेच नाव जाहीर झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यातला मुख्य आरोपीही तळोजा तुरुंगात मेला. ठाणे जिल्ह्यातल्या या दोन गाजलेल्या प्रकरणांत राज्यातला सर्वांत नावाजलेला सरकारी वकील नेमला गेला, आणि दोन्हींत मुख्य आरोपीच्या दोषाचा निवाडा न्यायालयाने करायचा राहूनच गेला.

म्हणून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाचकांसाठी काढलेल्या या पुस्तिकेची सुरुवात मोठ्या वकिलांच्या पराक्रमाने करण्यात मला अर्थ वाटला नाही. ज्या खुर्चीवर ते बसतात ती खुर्ची काय आहे, हे आधी पाहू. त्या खुर्चीविषयी गैरसमज फार आहेत, आणि काही गैरसमज त्या खुर्चीवर बसलेल्यांनीच पसरवले आहेत.

आपल्या दोन्ही तालुक्यांच्या गावी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. तिथे चोरी, मारामारी, अपघात, दारूबंदीचे खटले चालतात आणि सरकारची बाजू सहायक सरकारी अभियोक्ता मांडतो. खून, बलात्कार, दरोडा असले गुन्हे इथे चालत नाहीत. ते सत्र न्यायालयाकडे, म्हणजे कल्याण-ठाण्याच्या बाजूला जातात आणि तिथे जिल्हा सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील उभा राहतो. अपील उच्च न्यायालयात गेले की मुख्य सरकारी वकिलाचे कार्यालय. या सगळ्यांपेक्षा वेगळा तो विशेष सरकारी वकील. एखाद्या खटल्यापुरता किंवा एखाद्या प्रकारच्या खटल्यांपुरता शासन त्याला नेमते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये सरकारी, अतिरिक्त आणि विशेष सरकारी वकिलांची ही उतरंड आहे. सरकारी वकिलाला किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला १०. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम २४ होते; आकडा बदलला, गाभा तोच राहिला.

कायद्याच्या दृष्टीने विशेष सरकारी वकिलाला शिंग फुटलेले नसते. टोकावड्याच्या गायचोरीत उभा राहणारा अभियोक्ता आणि आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात कसाबविरुद्ध उभा राहणारा वकील, दोघांचे कर्तव्य एकच. फरक असतो तो साधनांत, वेळेत आणि दारात किती कॅमेरे आहेत त्यात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. खालच्या न्यायालयांत सरकारी खटले बराच काळ पोलीस खात्याच्या हाताखालचे लोक चालवत होते. ज्याने तपास केला त्याच्याच खात्याचा माणूस न्यायालयात तो तपास बरोबर आहे असे सांगणार, असा तो मामला होता. १९७३ च्या संहितेने ही गाठ सोडवायची ठरवली, तरी महाराष्ट्रात ती सुटता सुटेना. शेवटी शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये सांगावे लागले की सहायक अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग करा आणि तो पोलिसांच्या अधिकाराखाली ठेवू नका. आज शहापूरच्या न्यायालयात अभियोक्ता फौजदाराला तोंडावर सांगू शकतो की हा पंचनामा टिकणार नाही. त्यामागे हा निकाल आहे. प्रत्येक अभियोक्ता तसे सांगतोच असे नाही, हा भाग वेगळा.

तसे तो सांगत असेल तर काय सांगतो? गाजलेल्या खटल्याचे भवितव्य बहुतेक वेळा तिथेच ठरते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, डोळखांबच्या पुढे जंगलात प्रेत सापडले. पोलीस येतात, पंच शोधतात. वाडीवर पंच म्हणून सही करायला तयार होणारे दोन-तीनच असतात आणि आधीच्या पंचनाम्यांवरही त्यांच्याच सह्या असतात. बचाव पक्षाचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न विचारतो: तुम्ही याआधी किती वेळा पंच झालात? नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असेही म्हटले आहे. कागदावर उत्तम. पण पाऊस कोसळत असताना, तज्ज्ञाची गाडी अर्ध्या वाटेवर चिखलात असताना, मोबाइलला रेंज नसताना कोयता जप्त होतो आणि लाखेचे सील लागते. त्या सीलवर कुणाची सही, मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या कोठडीत किती दिवस पडून होता, तो प्रयोगशाळेत कुणी नेला, नेणाऱ्या हवालदाराचा जबाब घेतला का? सहा महिन्यांनी, कधी सहा वर्षांनी, या प्रश्नांची उत्तरे सरकारी वकिलाला द्यायची असतात. जप्तीच्या वेळी तो तिथे नव्हता. तपास त्याचा नाही, तपासावर त्याचा हुकूम चालत नाही, आणि तरी तपासातले प्रत्येक भोक त्याच्याच नावावर पडते.

उत्तम सरकारी वकील म्हणूनच कागद आधी वाचतो. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी पोलिसांना सांगतो की या साक्षीदाराचा दंडाधिकाऱ्यापुढे जबाब घ्या, त्या हवालदाराचा जबाब राहिला आहे. निकाल लागल्यावर वाहिन्यांवर दिसतात ती भाषणे. खटला उभा राहिलेला असतो या वाचनावर, आणि ते कुणी दाखवत नाही.

शहापूर तालुक्यातच याचा एक मोठा धडा आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण मेले. बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेले. गुन्हा शहापूर पोलीस ठाण्यात नोंदला गेला. देशभर बातमी झाली, नेते येऊन गेले. पण विशेष सरकारी वकील नेमा म्हणून कुणी रूळ अडवले नाहीत. मेलेल्यांची घरे इथे नव्हती. अशा खटल्यात फाशीची घोषणा चालत नाही. यंत्राची तपासणी कधी झाली, काम चालू ठेवायला संमती कुणी दिली, ठेका कुणाचा आणि पोटठेका कुणाचा, हे कागदांवरून सिद्ध करावे लागते. अभियोक्त्याला अभियंत्याची भाषा समजून घ्यावी लागते. मला विचाराल तर खरा कसोटीचा खटला हा आहे. भावनेवर एक इंचही पुढे सरकत नाही असा.

मग विशेष सरकारी वकील कुणाला मिळतो? सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मुकुल दलाल प्रकरणात, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातल्याच नियमांवरून गेले होते, बजावले की फिर्यादीने मागितला म्हणून विशेष सरकारी वकील देता येत नाही. गरज आहे का, हे शासनाने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. नेहमीच्या सरकारी वकिलाला कायद्याने दिलेले स्थान सहज बाजूला सारण्यासारखे नाही. व्यवहारात मात्र मोर्चा निघाला, आमदाराने पत्र दिले, अधिवेशनात प्रश्न आला की नेमणूक होते. त्यात सगळे वाईटच आहे असे म्हणता येत नाही. गरिबाला ताकदवान आरोपीसमोर कुणीतरी वजनदार माणूस हवा असतो आणि स्थानिक वकिलावर दबाव येऊ शकतो, हे खरे आहे. पण दुसरी बाजू अशी की आंदोलन न जमणाऱ्याच्या खटल्याला फक्त नेहमीचा वकील उरतो, आणि त्या वकिलाच्या टेबलावर त्या दिवशी आणखी कितीतरी फायली असतात.

जुन्या काळी गाजलेला खटला म्हणजे १९५९ चा नानावटी. नौदलातल्या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले, आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने सारी मुंबई आरोपीच्या बाजूने उभी केली. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारची बाजू मांडली ती पुढे सरन्यायाधीश झालेल्या यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. मृताच्या बहिणीतर्फे राम जेठमलानी होते, पण कायद्याप्रमाणे ते सरकारी वकिलाच्या मागे. खाजगी वकील मदत करू शकतो. खटल्याचा लगाम सरकारी वकिलाच्याच हातात असतो. आजही पीडिताच्या वकिलाचे स्थान हेच आहे. त्या वेळी लोकमत आरोपीला सोडा म्हणत होते, बदलापुरात आरोपीला मारा म्हणत होते. दोन्ही वेळा सरकारी वकिलाचे काम लोकमताकडे पाठ करून बसायचे. नानावटीला जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आता निकमांविषयी. जळगावच्या जिल्हा न्यायालयातून आलेला हा माणूस १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्याने मोठा झाला. पुढे खैरलांजी, शक्ती मिल, कोपर्डी आणि २६/११ अशी यादी लांबत गेली. मराठी घराघरांत सरकारी वकील म्हणजे निकम हे समीकरण बसले. त्यांची मेहनत कुणी नाकारू नये. एवढ्या साक्षीदारांचा, एवढ्या कागदांचा डोंगर पेलणे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. पण त्यांच्याच कारकिर्दीतल्या दोन गोष्टी मी मुद्दाम पुढे ठेवतो.

पहिली, कसाब खटला. मे २०१० मध्ये कसाबला फाशीची शिक्षा झाली, हे सर्वांना आठवते. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांत ती सुटका कायम राहिली, हे कुणाला आठवत नाही. देशातल्या सर्वांत संतप्त खटल्यातही न्यायाधीशांनी पुरावा माणसागणिक वेगळा तोलला. सरकार पक्षाचे ते अपयश म्हणावे का? मला तसे वाटत नाही. सगळ्या आरोपींना हटकून शिक्षा झाली असती, तर कसाबच्या शिक्षेकडेही जगाने संशयाने पाहिले असते.

दुसरी गोष्ट बिर्याणीची. कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, ही बातमी देशभर फिरली. निवडणुकीच्या सभांतून, टपऱ्यांवरून फिरली. २०१५ मध्ये निकमांनीच सांगितले की तसे काही नव्हते, आरोपीविषयी सहानुभूतीची लाट तयार होऊ लागली होती म्हणून ती गोष्ट आपण रचली. साऱ्या देशाने ज्याचा धिक्कार केला त्या आरोपीविरुद्धही हे करायची गरज नव्हती. चित्रफिती होत्या, साक्षीदार होते, जिवंत पकडलेला आरोपी होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात लिहून ठेवले आहे की सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षाच व्हावी अशी तहान बाळगू नये. आरोपीच्या बाजूचे जे खरे असेल तेही न्यायालयापुढे यायला हवे. तो सरकारचा वकील असला तरी न्यायालयाचा अधिकारीही आहे. न्यायालयाबाहेर रचलेली एक गोष्ट त्याच्या न्यायालयातल्या शब्दाची किंमत कमी करते. पुढे निकम २०२४ मध्ये लोकसभेला उभे राहिले, हरले, पुन्हा सरकारी वकील झाले, २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. यात बेकायदा काही नसेल, पण पक्षाचे तिकीट आणि अभियोक्त्याचा झगा इतक्या जवळ टांगलेले पाहणे मला तरी पटत नाही.

आपल्या तालुक्यांच्या दृष्टीने खैरलांजीचा धडा वेगळा आहे. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात दलित कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. खुनाबद्दल शिक्षा झाल्या, सहा जणांना दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २०१० मध्ये २५ वर्षांच्या कैदेवर आणली. पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झालाच नाही. शहापूर आणि मुरबाडमध्ये कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली वस्त्या आहेत, वीटभट्ट्या आहेत, आगाऊ उचल देऊन बांधून ठेवलेले मजूर आहेत. इथल्या फिर्यादीत जातीचा उल्लेख, शिवीचे शब्द, ते कुणासमोर उच्चारले, हे पहिल्याच दिवशी नोंदले गेले नाही तर नंतर कितीही मोठा वकील ते आत घालू शकत नाही. १९८९ च्या या कायद्यात विशेष न्यायालयासाठी विशेष सरकारी वकिलाची स्वतंत्र तरतूद आहे, म्हणजे या वकिलासाठी मोर्चा काढावा लागत नाही. तो कायद्यानेच मिळतो.

तसेच लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, म्हणजे पोक्सो कायद्याचे. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत मुलींची मासिक पाळीच्या संशयावरून कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. पालक संतापले, ते साहजिकच. पण अशा खटल्यात सरकारी वकील मुलीला थेट प्रश्न विचारत नाही, हे पालकांनी जाणून घ्यावे. कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे सरकारी वकील असो की आरोपीचा, दोघांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेसमोर असू नये. मुलाला पुन्हा पुन्हा बोलावू नये. इथे वकिलाचा आवाज, दरारा, नाव, काहीच कामाला येत नाही. प्रश्न इतका साधा लिहावा लागतो की दुसऱ्याच्या तोंडून आला तरी मुलीला तो कळावा. ज्याला हे जमते तो खरा पोक्सोचा वकील.

साक्षीदारांची भाषा हा असाच एक पेच. वाडीवरची म्हातारी ‘रात्री साडेआठ वाजता’ असे म्हणत नाही. गुरं बांधून झाल्यावर, असे म्हणते. अंतर ती मीटरात सांगत नाही. मुंबईहून आलेला नामवंत वकील तिला ‘किती मीटर’ असे विचारतो, ती घाबरून काहीतरी आकडा ठोकते आणि उलटतपासात तोच आकडा तिच्या गळ्यात अडकतो. स्थानिक अभियोक्ता तिला विचारतो, तुझ्या दारातून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल का? गाजलेल्या प्रत्येक खटल्यात मोठ्या वकिलाच्या मागे असा एक स्थानिक वकील आणि पोलिसांचा एक पैरवी अधिकारी असतो. समन्स बजावणारा, साक्षीदाराला कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसवून आणणारा, मुद्देमालाची पेटी वेळेवर हजर ठेवणारा. त्यांची नावे निकालपत्राच्या बातमीत येत नाहीत. पुस्तिकेत त्यांच्यासाठी एक प्रकरण राखून ठेवले आहे. वाचकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ही पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी एक दिवस समन्स येणार आहे. तारखेच्या आधी किंवा त्या सकाळी सरकारी वकिलाला भेटा. पोलिसांनी तुमचा जबाब म्हणून काय लिहून ठेवले आहे ते समजून घ्या. तुम्ही सांगितलेच नाही असे त्यात काही असेल तर ते तेव्हाच सांगा. भत्त्यासाठी प्रवासाचे तिकीट जपून ठेवा. उलटतपासात बचावाचा वकील हमखास विचारेल, ‘आज साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटलात का?’ आपले साक्षीदार इथे नेमके गडबडतात. भेटणे म्हणजे काहीतरी चोरी आहे असे वाटून ‘नाही’ म्हणतात. पुढचाच प्रश्न असतो, ‘मघाशी बाहेर कठड्यापाशी उभे राहून कुणाशी बोलत होतात?’ आणि खरी साक्ष तिथे खोटी ठरू लागते. भेटण्यात गुन्हा नाही. भेटलो, असे सांगा, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा.